माथेरानच्या इंजिनाचा पोकळ ॲक्सल

माथेरानच्या गाडीवर लिहा, पण माकडं आणि चिक्की वगळून लिहा, असं संपादकांनी बजावलं होतं. मला ते मनापासून पटलं. या गाडीचं कौतुक आपण नेहमी खिडकीतून करतो. ती डोंगर चढते कशी, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

इतिहास थोडक्यात असा. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी हा मार्ग घरच्या पैशावर बांधला. खर्च सोळा लाख रुपये. 22 मार्च 1907 रोजी गाडी सुरू झाली. रुळांमध्ये दोन फुटांचं अंतर आणि मार्गाची लांबी साधारण वीस किलोमीटर. नेरळ समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटरवर, तर माथेरान आठशेच्या आसपास. म्हणजे एवढ्याशा अंतरात जवळपास साडेसातशे मीटर चढायचं. काही ठिकाणी चढ विसास एक आहे, वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. दार्जिलिंगला चढ जिंकण्यासाठी गाडी मध्येच मागे नेतात आणि पुन्हा पुढे काढतात. इथे ती युक्ती नाही. इथला मार्ग डोंगराच्या अंगाने वळसे घेत वर जातो आणि सगळी परीक्षा त्या वळणांवरच होते.

परीक्षा का, तर चढायला जोर हवा आणि जोरासाठी इंजिनाचं वजन जास्तीत जास्त चालक चाकांवर हवं. म्हणून सहा चाकं, तीन ॲक्सल आणि सगळे कपलिंग रॉडने एकमेकांना जोडलेले. पण जोडलेले तीन ॲक्सल एकमेकांना समांतर राहतात. अशा इंजिनाला तीव्र वळण मानवत नाही. चाकाची कड रुळावर घासते, रूळ झिजतो, चाक झिजतं आणि शेवटी चाक रुळावर चढतं. जोर हवा तर वळता येत नाही, वळायचं तर जोर जातो.

हा पेच इंग्रज इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी सोडवला. आपल्याकडे त्यांची ओळख बार्शी लाइट रेल्वेमुळे. माथेरानसाठी त्यांनी आखलेली चार इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने बांधली. 738 ते 741 हे त्यांचे क्रमांक. त्यांत क्लीन-लिंडनर पद्धतीचे ॲक्सल बसवले होते. मी या ॲक्सलचा आराखडा समोर घेऊन बसलो आणि त्यातून बाहेर पडणं अवघड झालं.

मधला ॲक्सल साधाच. पुढचा आणि मागचा मात्र दुहेरी. आत एक भरीव दांडा. तो इंजिनाच्या सांगाड्यात पक्का बसतो आणि रॉड त्याच्याच टोकांच्या क्रँकना जोडलेले असतात. या दांड्याभोवती एक पोकळ नळी आणि चाकं त्या नळीवर. दांड्याच्या बरोबर मध्यावर एक गोळा आणि गोळ्यातून आरपार पिन. दांडा फिरला की पिनेमुळे नळीही फिरते, म्हणजे जोर चाकापर्यंत पोचतो. पण गोळ्यामुळे नळीला तिरकं व्हायला मोकळीक राहते, खांद्याच्या सांध्यातून हात फिरावा तशी. वळण आलं की चाकं वळणाच्या कलाने वळतात आणि बाहेर रॉड मात्र सरळच्या सरळ चालत राहतात. या साध्या, धीट विचारापुढे मी आजही हात जोडतो.

त्याची किंमतही होती. झिजणारा सगळा भाग नळीच्या पोटात. तेल तिथवर पोचवणं कष्टाचं आणि झीज नजरेला दिसत नाही. दुरुस्ती करायची तर चाकांचा अख्खा जोडच खाली काढावा लागे. तरीही 1980च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ही इंजिनं डोंगर चढत राहिली. दरम्यान डिझेल इंजिनं आली होती, पुढे सगळा भार त्यांनी उचलला.

चढण्याचं श्रेय इंजिनाचं, तर सुखरूप उतरण्याचं ब्रेक्समनचं. इंजिनाची शिट्टी ऐकायची आणि तिच्या इशाऱ्यानुसार हाताने डब्याचा ब्रेक आवळायचा किंवा सोडायचा, असं हे काम असे. लवकर आवळला तर गाडी अडे, उशीर झाला तर मागचा भार पुढच्याच्या अंगावर येई. प्रवासी दरीकडे बघत असत, या माणसाचा जीव मात्र कानात गोळा झालेला असे. मे 2016 मध्ये थोड्याच दिवसांत दोनदा डबे घसरले आणि गाडी बंद पडली. त्यानंतर एअर ब्रेकचा विषय ऐरणीवर आला. सुरक्षेसाठी ते व्हायलाच हवं होतं.

खरा वैरी पाऊस. जुलै 2005च्या अतिवृष्टीने मार्ग वाहून नेला. पुन्हा गाडी धावायला 2007 उजाडलं. 2019च्या पावसाने पुन्हा तेच केलं आणि नेरळपासून माथेरानपर्यंत सलग गाडी थेट ऑक्टोबर 2022मध्ये सुरू झाली. एरवीही पावसाळ्यात खालचा मार्ग बंदच असतो, वर अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल चालते. तोवर लोकांना अमन लॉजजवळच्या दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सीची सवय लागलेली असते. वीसेक मिनिटांत वर पोचता येत असेल, तर दोन तासांहून अधिक वेळ गाडीत कोण बसणार? दर वर्षी दरडी काढायच्या, भराव बांधायचे, रूळ नीट करायचे, आणि एवढं करून तिकिटाच्या पैशातून हा खर्च निघणं शक्य नाही.

गर्दी खेचायला आता डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचं रूप दिलं जातं. पोरांना आवडेल, आवडू दे. मला काळजी वेगळी आहे. ज्यांनी तो पोकळ ॲक्सल हाताने उघडला, साफ केला, पुन्हा बसवला, ते तेव्हाचे तरुण खलाशी आणि फिटर आज सत्तरीच्या घरात असतील. नॅरो गेजचं काम जाणणारं कुर्डुवाडीचं वर्कशॉप अजून हाताशी आहे. या माणसांना तिथे बोलवावं, जुन्या इंजिनाचा एक ॲक्सल त्यांच्याकडून उघडून घ्यावा, शेजारी चार शिकाऊ पोरं उभी करावीत आणि प्रत्येक पायरी टिपून ठेवावी. वाहून गेलेला भराव पुन्हा बांधता येतो, पण हे काम पुढच्या पावसाळ्यापर्यंतही लांबवू नये.