'अँग्लो-सॅक्सन' या नावावरून इतिहासकारांत मतभेद का?

पाचव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटनमधील रोमन सत्ता संपली आणि १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. या दरम्यानच्या सहा शतकांना 'अँग्लो-सॅक्सन काळ' म्हणण्याची प्रथा आहे. मात्र हे नाव कायम ठेवावे की नाही, यावर गेल्या काही वर्षांत अभ्यासकांमध्ये तीव्र मतभेद निर्माण झाले आहेत. वाद परिभाषेचा दिसत असला, तरी त्याच्या मुळाशी 'इंग्रज म्हणजे कोण' हा प्रश्न आहे.

या काळाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये आपल्या नावातून हा शब्द वगळला. केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेतर्फे १९७२ पासून निघणाऱ्या 'अँग्लो-सॅक्सन इंग्लंड' या नियतकालिकाचेही २०२४ मध्ये नामांतर झाले. नव्या नावात 'आरंभीच्या मध्ययुगातील इंग्लंड आणि त्याचे शेजारी' असा उल्लेख आहे.

नावाचा उगम

बीड या ख्रिस्ती मठवासी इतिहासकाराने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात अँगल, सॅक्सन आणि ज्यूट हे लोक समुद्रापलीकडून ब्रिटनमध्ये आल्याचे नमूद केले आहे. जोडनाव मात्र आठव्या शतकात युरोप खंडातील लेखनात आढळते. जर्मन प्रदेशातील सॅक्सनांपासून ब्रिटनमधील सॅक्सन वेगळे दाखवणे, हा त्याचा उपयोग होता. नवव्या शतकाच्या अखेरीस राजा आल्फ्रेडने 'अँग्लो-सॅक्सनांचा राजा' ही पदवी वापरली. त्याचा नातू अथेलस्टनने ९२७ मध्ये नॉर्थंब्रिया ताब्यात घेतल्यानंतर 'इंग्रजांचा राजा' ही पदवी रूढ होऊ लागली. सामान्य लोक स्वतःच्या भाषेला 'इंग्लिश' म्हणत. म्हणजे हे नाव जुने आहे. पण त्याचा तत्कालीन वापर मर्यादित होता.

आक्षेप आणि बचाव

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत या शब्दाला वंशाचा अर्थ चिकटला. पाचव्या शतकातील आगमनाच्या कथेतील हेंगिस्ट व हॉर्सा या बंधूंची चित्रे अमेरिकेच्या राजमुद्रेवर असावीत, असे थॉमस जेफरसन यांनी १७७६ मध्ये सुचवले होते. पुढे साम्राज्यविस्ताराचे समर्थन करताना 'अँग्लो-सॅक्सन वंशाच्या' श्रेष्ठत्वाचा दावा केला गेला. अमेरिकेत आजही हा शब्द गोऱ्या समाजाच्या एका वर्गाचा निदर्शक आहे. त्यामुळे तो टाळावा, असे टीकाकारांचे म्हणणे आहे.

ब्रिटनमधील अनेक पुरातत्त्वज्ञांना हे मान्य नाही. तेथे या शब्दाने वंशापेक्षा एक कालखंड, त्यातील काव्य आणि १९३९ मध्ये सटन हू येथे उत्खननात सापडलेला जहाजदफनातील ठेवा डोळ्यांसमोर येतो. शिवाय दहाव्या शतकापूर्वी 'इंग्लंड' हे एकसंध राज्यच नसल्याने पर्यायी नावही निर्दोष ठरत नाही.

जनुकीय पुरावा

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पूर्व व दक्षिण इंग्लंडमधील तत्कालीन दफनांतील लोकांचा ७६ टक्क्यांपर्यंत वंशवारसा उत्तर युरोप खंडातून आल्याचे आढळले. मोठे स्थलांतर झाले होते, हे यावरून दिसते. परंतु त्याच दफनभूमींत स्थानिक व मिश्र वंशाचे लोकही होते. केंट परगण्यात इतरांप्रमाणेच पुरलेल्या सातव्या शतकातील एका मुलीचा एक पूर्वज पश्चिम आफ्रिकेतील होता, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. शुद्ध वंशाची कल्पना आणि स्थलांतर झालेच नाही हे मत, दोन्ही या पुराव्यासमोर टिकत नाहीत.

आजची ओळख

इंग्लंड व वेल्समध्ये स्वतःची ओळख केवळ 'इंग्लिश' अशी नोंदवणारे २०११ च्या जनगणनेत ५७.७ टक्के होते. २०२१ मध्ये हे प्रमाण १४.९ टक्क्यांवर आले, तर केवळ 'ब्रिटिश' म्हणवणारे ५४.८ टक्के झाले. दहा वर्षांत समाज इतका बदलला असे मात्र नाही. इंग्लंडमधील प्रश्नावलीत 'ब्रिटिश' हा पर्याय पहिल्या स्थानी आणल्याचाही हा परिणाम असल्याचे मानले जाते. प्रश्नाच्या मांडणीने आजचे उत्तर बदलत असेल, तर हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना एकच नाव देताना सावधगिरी आवश्यक ठरते. कोणताही शब्द स्वीकारला, तरी तो कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने वापरला, हे वाचकाला सांगणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे.