धरण एक, शिवारं अनेक

जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या उत्तरेला तापीवर हतनूरचं धरण आहे. १९८२ मध्ये पूर्ण झालेलं, ४१ दरवाज्यांचं. वर चांगदेवला पूर्णा तापीला मिळते आणि दोन्ही नद्यांचं पाणी इथं अडतं. हिवाळ्यात त्याच्या फुगवट्यावर परदेशी पाखरांचे थवे उतरतात. भोई आणि कोळी कुटुंबं या पाण्यावर मासे धरतात. एवढं पाणी दाराशी असूनही वरणगावच्या बहुतेक शेतांना त्याचा उपयोग नाही, कारण धरणाचा कालवा उजव्या तीरावरून यावल-चोपड्याकडे जातो आणि वरणगाव आहे डाव्या तीरावर. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण इथं शब्दशः लागू पडते. या बाजूला पाणी चढवायचं तर पंप लागतात, वीज लागते. त्यासाठीच वरणगाव-तळवेल उपसा योजना आखली गेली.

सरकारदरबारी दोन्ही तीरांवरचा दोन एकरवाला ‘अत्यल्पभूधारक’ याच एका रकान्यात बसतो. सातबारावर क्षेत्र दिसतं. त्या क्षेत्रात माती किती खोल आहे, विहिरीला पाणी कुठवर टिकतं आणि घरातली किती माणसं दुसऱ्याच्या बांधावर राबतात, हे त्यातून कळत नाही.

उजव्या तीरावरचं रावेर-यावल म्हणजे केळीचा मुलूख. राज्यातल्या केळीचं निम्म्याहून अधिक क्षेत्र एकट्या जळगाव जिल्ह्यात आहे. इथल्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जूनच्या सुमारास लावलेली ती मृगबाग आणि ऑक्टोबरात लावलेली ती कांदेबाग. बाग कोणतीही असो, तिला वर्षभर पाणी लागतं. सातपुड्याच्या पायथ्याशी नद्यांनी आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या आणि गाळाच्या जाड थरात ते पाणी पिढ्यान्‌पिढ्या मुरत आलं. विहिरी आणि कूपनलिकांनी ते इतकं उपसलं, की पातळी खोल खोल जात राहिली. ठिबक सिंचनानं आणि ऊतीसंवर्धित रोपांनी उत्पादन वाढवलं, पण त्यासोबत लागणारं भांडवलही वाढवलं. मोठ्या बागायतदाराची बाग वादळात आडवी झाली तर तो पुन्हा उभा राहतो. एकरभर बागेच्या मालकाला मात्र रोपं, खत आणि नळ्यांचं कर्ज पुढच्या हंगामात फेडावं लागतं. करपा आणि कुकुंबर मोझॅक हे रोग दोघांच्याही बागेत शिरतात, पण त्यांचा घाव दोघांना सारखा बसत नाही.

वरणगावहून दक्षिणेला, बोदवडकडे निघालं की हिरवाई ओसरते. इथली शेती पावसावर. कपाशीत तुरीच्या ओळी, पलीकडे ज्वारी, उडीद, मूग. जाणकार शेतकरी हे मिश्रण आवड म्हणून करत नाही. पाऊस ऑगस्टमध्ये दडी मारतो की सप्टेंबरात, हे आधी कळत नाही. मग एक पीक गेलं तर दुसरं हाती लागावं, एवढा त्याचा हिशेब असतो. खानदेशातली कळण्याची भाकरी याच शिवारातून आली. ज्वारीत सालीसकट उडीद दळले की ती होते, आणि सोबत वांग्याचं भरीत लागतं. भरताच्या वांग्यालाही २०१६ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं. मात्र कपाशीचं क्षेत्र वाढलं तसं घरच्या जात्याला लागणारी ही धान्यं बांधाकडे सरकत गेली. बाजारात कापसाचा भाव कोसळतो, त्या वर्षी त्यांची उणीव थेट ताटात दिसते.

मातीइतकीच माणसांची विविधता आहे. तापीकाठच्या गावांत लेवा पाटीदार, गुजर, मराठा, कोळी. सातपुड्याच्या कुशीत तडवी आणि पावरा. पूर्वेकडे लेवा गणबोली, पश्चिमेला धुळ्याकडे अहिराणी. बहिणाबाई चौधरींनी ज्या बोलीत शेत, बैल आणि पेरणी गायली, ती लेवा बोली याच शेतकरी घरांची. या सगळ्यांची शिवारं एकमेकांना लागून असली, तरी पाणी, पत आणि कागदपत्रं मिळवण्याची ताकद सारखी नाही. सातपुड्यातल्या अनेक आदिवासी कुटुंबांना आपण कसत असलेल्या जमिनीचा हक्क सिद्ध करण्यासाठी २००६ च्या वनहक्क कायद्याची वाट पाहावी लागली. बिनजमिनीच्या माणसाचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बदलतं. त्या सणाला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, जुना मालक सोडतो किंवा नव्याशी बोली करतो. लेकी माहेरी येऊन झोके घेतात त्याच दिवसांत कोणाचं तरी पुढचं वर्ष ठरत असतं.

बाईचं नाव सातबारावर क्वचितच असतं. निंदणी आणि कापूस वेचणी मुख्यतः तिच्याच हातांनी होते. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मी मुक्ती’ मोहीम चालवली, बायकोच्या नावे जमीन करण्याचं आवाहन केलं आणि पुढं सरकारनंही ती कल्पना उचलली. तरी आज एखादी शेतकरीण कर्ज किंवा पीकविमा मागायला गेली, की पहिला प्रश्न उताऱ्यावरच्या नावाचा येतो.

हे चित्र खानदेशापुरतं नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या ८६ टक्के शेतकऱ्यांकडे दोन हेक्टरांपेक्षा कमी जमीन होती. महाराष्ट्रात सरासरी धारणा १.३४ हेक्टर. जगभरात अशा लहान शेतांची संख्या खूप मोठी, पण त्यांच्याकडे शेतजमिनीचा वाटा अगदी थोडा, आणि तरीही ती एकूण अन्नापैकी सुमारे तिसरा हिस्सा पिकवतात.

विषम जमिनीत पाणी न्यायानं वाटता येतं का, या प्रश्नाला खानदेशानंच एकदा उत्तर दिलं होतं. धुळ्याच्या पांझरेवर आणि शेजारच्या मोसम व आरम नद्यांवर तीनशे-चारशे वर्षं चाललेली फड पद्धत हे ते उत्तर. नदीवर बंधारा, त्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंत सारंग, आणि जादा पाण्याला वाट काढून देणारे सांडम. भिजणारी जमीन मोठमोठ्या फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात हंगामी धान्य, एखादा फड पडीक. कोणत्या वर्षी कुठं काय, हे गावानं बसून ठरवायचं. शेतकऱ्यानं स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. ते काम पाटकऱ्याचं, आणि पिकाची राखण जागल्याची. एका शेतकऱ्याचे तुकडे अनेक फडांत विखुरलेले असल्यामुळे एकाच फडाला पाणी कमी पडलं, तर ती झळ अनेक घरांत वाटली जायची. पिकं फिरत राहिल्यानं जमीन चिबडही होत नसे.

या व्यवस्थेला समतेचा नमुना म्हणणं मात्र चुकीचं होईल. ज्याच्याकडे जमीन नव्हती, त्याला तिथं पाण्याचा वाटा नव्हता. तरी जमीनधारकांमध्ये लहान-मोठा असा भेद पाण्याच्या पाळीत पडू नये, याची तजवीज जमिनीच्या मांडणीतच होती. विहिरीवर पंप बसले आणि नदीवर वरच्या अंगाला धरणं झाली तसे फड विस्कटले. ज्याचा पंप त्याचं पाणी झालं.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी खोऱ्यातल्या महापुनर्भरण प्रकल्पाच्या करारावर सह्या केल्या. पुराचं पाणी वळवून सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरवायचं, अशी ही योजना. त्या पाण्यानं भूजल वर येईल, पण ते उपसणार कोण, हे गावागावांत आत्ताच ठरायला हवं. खोल कूपनलिका असलेल्या बागायतदाराच्या आधी उथळ विहिरीवाल्या दोन एकराच्या शेतकऱ्याचा विचार झाला पाहिजे, आणि डाव्या तीरावरच्या बोदवडच्या कोरडवाहू शिवाराचाही.