तंबूत कोण कुठे झोपणार?

मागच्या महिन्यात एका वाचक ताईंनी विचारलं होतं, ‘तुमचा पीएचडीचा विषय नेमका काय आहे? सोप्या भाषेत सांगा ना.’ सोप्या भाषेत सांगायचं तर, नवरा-बायकोपैकी एकाचं किंवा दोघांचंही दुसरं लग्न असेल आणि आधीची मुलं सोबत असतील, तर अशा घरात एकमेकांना काय म्हणतात, कोण कोणाचं कोण लागतं आणि ते ठरतं कसं, हा माझा विषय. पण हे सांगण्यापेक्षा डिसेंबरमधल्या एका रात्रीबद्दल लिहिते. त्यात माझे निम्मे पेपर येऊन जातील.

ही गोष्ट माझ्या घरातली आहे, संशोधनातली नाही. ताईला आणि जिजाजींना विचारूनच लिहितेय. नावं मात्र देणार नाही.

ताईचे पहिले यजमान कोरोनात गेले. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, आता 11 वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी ताईने दुसरं लग्न केलं. जिजाजींची पहिली बायकोही आजारपणात गेलेली. त्यांना दोन मुलगे, थोरला 14 चा आणि धाकटा 7 चा. तर नाताळच्या सुट्टीत ताईच्या डोक्यात आलं, की आपण पाचही जणांनी एक रात्र बाहेर, तंबूत काढायची. मोबाइलवर बघून चार माणसांचा तंबू मागवला. (पाच माणसांसाठी चार माणसांचा तंबू, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.) मला सोबत घेतलं ते सयपाकाला मदत म्हणून.

जागा ठरली जिजाजींच्या वडिलोपार्जित शेतात, लाखनी तालुक्यात. जंगलात रात्री तंबू ठोकायचा विचारही करू नका. कोका अभयारण्य आणि नागझिऱ्याच्या आजूबाजूचा हा पट्टा बिबट्याचा आणि रानडुकरांचा आहे. शेत गावालगत होतं. धान निघून गेलेलं, बांध्यांमध्ये लाखोळी उगवून आलेली, कोपऱ्यात तणसाचा ढीग, आणि धुऱ्यापलीकडे एक लहानशी बोडी. मांडवावर जागलीचं मचाण अजून उभं होतं. आपल्या भंडाऱ्यात ‘कॅम्पिंग’ हा शब्द नवा असेल, पण धान पिकात आलं की डुकरं हाकलायला शेतात रात्र काढणं, म्हणजे जागल, ही काही नवी गोष्ट नाही. फरक इतकाच, की जागलीला कोणी ‘मजा करायला’ जात नाही.

इथेच पहिला मुद्दा येतो. सुझन शॉ आणि डॉन डॉसन या कॅनडातल्या दोन संशोधकांनी 2001 मध्ये एक पेपर लिहिला. आईवडील मुलांना घेऊन सहलीला जातात, खेळतात, ते निव्वळ मौज म्हणून नसतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामागे हेतू असतो. मुलांना काहीतरी शिकवायचं असतं, घर ‘एक’ झालेलं बघायचं असतं. हेतू ठेवून केलेली मौज, असं म्हणा. आणि हेतू असला की नापास होण्याची भीतीही असते. भाचीने दिवसभर तोंड पाडून ठेवलं तेव्हा ताईच्या तोंडून गेलंच, ‘एवढं सगळं कोणासाठी केलं मी?’ साधी सहल असती तर हे वाक्य आलं नसतं. ती परीक्षा होती, आणि पेपर भाचीच्या हातात होता.

भाचीने तोंड का पाडलं? मला ते दुपारीच दिसलं होतं. शेत मुलांच्या आजोबांचं. बोडीत पाय कुठे घसरतो, मचाणाची कोणती फळी डुलते, मोहाच्या कोणत्या झाडावर मुंग्या आहेत, हे दोन्ही पोरांना पाठ. उतरल्याबरोबर ते पळाले. ही गाडीजवळ बॅग धरून उभी. पॅट्रिशिया पेपरनाऊ ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अशा घरांवर अनेक वर्षं काम करते आहे. ‘आतला’ आणि ‘बाहेरचा’ हे तिच्या मांडणीचं केंद्र आहे. जोडलेल्या घरात नवरा-बायकोचं नातं नवं असतं, पण आई आणि मूल, बाप आणि मूल ही नाती जुनी, मुरलेली. त्यामुळे रोज, प्रत्येक प्रसंगात कोणीतरी आत असतं आणि कोणीतरी बाहेर राहतं. त्यात कोणाचा दोष नसतो, घराची बांधणीच तशी असते. घरी भंडाऱ्यात भाची निदान आपल्या खोलीत ‘आतली’ होती. आम्ही मोठ्या प्रेमाने तिला अशा ठिकाणी आणलं, की जिथे ती शंभर टक्के पाहुणी होती. नवी जागा म्हणजे सगळ्यांसाठी सारखीच नवी, असं आपण गृहीत धरतो. ती जागा कोणाच्या आजोबांची आहे, हे आधी विचारायला हवं होतं. मीसुद्धा विचारलं नाही, आणि मी या विषयात पीएचडी करते.

संध्याकाळी गोवऱ्यांवर रोडगे लावले. डाळ शिजली, वांग्याची भाजी झाली. त्यात ताईने आलू टाकला नव्हता. धाकटा म्हणाला, ‘आलू काऊन नाई?’ भाची म्हणाली, ‘आमच्याकडे नसतो.’ थोरला म्हणाला, ‘आमच्याकडे असतो.’ एका ताटलीभर भाजीत दोन ‘आमच्याकडे’. पेपरनाऊने याला दोन संस्कृतींची टक्कर म्हटलंय. वाचताना मला ते जरा मोठं वाटायचं. संस्कृती म्हणजे सण, देव, भाषा असं काहीतरी आपल्या मनात असतं. पण घराघरातली टक्कर आलू, टीव्हीचा आवाज, ओला टॉवेल कुठे टाकायचा यावरच होते.

आणि मग रात्र. ताईच्या मनात चित्र होतं, की सगळे एका तंबूत ओळीने झोपलेत. धाकटा आधीच आत शिरून ओरडला, ‘आई, तू माह्या बाजूनं!’ त्याची आई गेली तेव्हा तो फार लहान होता. तो ताईला पहिल्या महिन्यापासून आई म्हणतो, आणि ताईला त्याचं अप्रूप आहे, असणारच. दुसऱ्या बाजूला कोण? थोरल्याने सांगून टाकलं, तो मचाणावर झोपेल. जिजाजी म्हणाले, मचाणावर नाही, सगळे एकत्र. भाची तंबूच्या तोंडाशी रग घेऊन उभी होती. आत एक जागा होती, जिजाजी आणि थोरल्याच्या मध्ये. ती म्हणाली, ‘मी मावशीजवळ झोपतो.’ (आमच्याकडे मुलीही ‘झोपतो’च म्हणतात.) ताई चिडली. मग रडली. जिजाजी काही न बोलता विस्तव सारखा करत बसले.

त्या रात्री खोपडीत भाची माझ्या शेजारी तणसावर पडली होती. खूप वेळाने म्हणाली, ‘तो मम्मीले आई म्हणते तं मी तिले काय म्हणू?’ मला उत्तर सुचलं नाही. मात्र एक पेपर आठवला.

अँड्र्यू चर्लिन या समाजशास्त्रज्ञाने 1978 मध्ये एक लेख लिहिला होता, आमच्या विषयात तो सगळ्यांना वाचावाच लागतो. त्याचं म्हणणं, पुनर्विवाह ही अपुरी संस्था आहे. पहिल्या लग्नाला समाजाने सगळं तयार करून दिलंय: शब्द, रीत, कायदा. दुसऱ्या लग्नातल्या नात्यांना काहीच नाही. काय म्हणायचं, कोण रागावू शकतं, कोण नाही, हे प्रत्येक घराने शून्यापासून ठरवायचं. मराठीतच बघा. ‘सावत्र’ हा शब्द ‘सवत’ या शब्दाच्या कुळातला. म्हणजे एका पुरुषाच्या दोन बायका, त्यांची मुलं, त्या घरासाठी घडलेला. तो ताणून आपण ‘सावत्र बाप’ करतो. बरं, हा शब्द हाक मारायला वापरताच येत नाही. ‘अहो सावत्र बाबा’ असं कोणी म्हणेल का? भाची दीड वर्ष जिजाजींना काहीच म्हणत नाही. ‘ऐका ना’ म्हणते, किंवा समोर जाऊन उभी राहते.

विदर्भातल्या शेतकरी समाजांत विधवेचा पाट लागायचा, ही रीत जुनी. लग्नाला शब्द होता. मुलं मात्र पुष्कळदा आधीच्या सासरीच राहायची किंवा आजोळी, त्यामुळे त्यांच्यासाठी शब्दाची गरज कमी पडली असावी. हा माझा अंदाज. कायद्यानेही फार मदत केलेली नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात कलम 6 खाली स्पष्ट लिहिलंय, की या कलमातल्या ‘पिता’ आणि ‘माता’ या शब्दांत सावत्र बाप आणि सावत्र आई येत नाहीत. म्हणजे जिजाजी भाचीला रोज शाळेत सोडतात, पण त्या नात्याने तिचे नैसर्गिक पालक होत नाहीत.

आपल्याकडे पुनर्विवाहाचा इतिहास भरपूर लिहिला गेला, पण तो बहुतेक नवरा-बायकोचा. 11 मार्च 1893 ला धोंडो केशव कर्व्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं. मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या दिवशी कर्व्यांचा मुलगा रघुनाथ 11 वर्षांचा होता, बरोबर माझ्या भाचीच्या वयाचा, आणि त्याची आई राधाबाई जाऊन दोनच वर्षं झाली होती. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ काढणारे र. धों. कर्वे ते हेच. त्या घरात त्या रात्री कोण कुठे झोपलं असेल, हा प्रश्न मला परवापर्यंत कधी पडला नव्हता. गंमत म्हणजे भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं गाजलेलं पुस्तक 1953 मध्ये लिहिणाऱ्या इरावती कर्वे याच घरच्या सून, गोदूबाईंच्या मुलाची, दिनकररावांची बायको.

असो. मी मूळ गोष्टीवर येते, कारण पहाटे जे झालं तेच मला सांगायचंय.

पाच-साडेपाचला थंडीने जाग आली. भाची शेजारी नव्हती. खोपडीच्या दारातून बघितलं तर ती विस्तवाशी बसलेली, आणि पलीकडे जिजाजी. रात्रीचे दोन रोडगे उरले होते. ते निखाऱ्यात परत गरम करणं चाललं होतं. जिजाजींनी तिच्या हातात एक काडी दिली होती. ते एवढंच म्हणाले, ‘करपते बघ, फिरव.’ तिने फिरवला. मग बराच वेळ काही नाही. मग तिने विचारलं, एक गोवरी किती वेळ जळते? त्यांनी सांगितलं. शेणाची ओली-सुकी, थापलेली जाड की पातळ, यावर ते चांगली दहा मिनिटं बोलले. माणूस एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलतो. पुढे दोघं बोडीच्या पाळीवर गेले. तंबूतले तिघे अजून झोपलेलेच.

गॅनॉंग, कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. सावत्र आई-बाप मुलांशी जवळीक करायला काय काय करतात, आणि त्यातलं काय लागू पडतं? सगळ्या घराने मिळून करायच्या गोष्टींपेक्षा दोघांनीच मिळून, आणि मुलाला आवडेल असं काही केलेलं जास्त कामी येतं, असं त्यांना आढळलं. याला कारण आहे. सगळे एकत्र असले, की जुनी नाती पुढे येतात आणि नवी मागे सरकतात. ताई तिथे असती तर भाचीने प्रश्न ताईला विचारला असता. धाकटा असता तर त्याने ताईचा पदर धरला असता. ‘सगळे एकत्र’ हे ज्या घराचं स्वप्न असतं, त्या घरात सगळे एकत्र असण्याची वेळ सगळ्यात अवघड. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण तंबू बघेपर्यंत पटलं नव्हतं.

अजून एक. झॅब्रिस्की आणि मॅकॉर्मिक यांची 2001 ची एक मांडणी आहे. घराची मौज दोन प्रकारची: एक रोजची, फुकटातली, घरातली, दुसरी कधीमधीची, लांबची, नवी. पहिलीतून जवळीक वाढते, दुसरीतून बदलाला तोंड द्यायची सवय लागते. आम्ही दुसरीकडून पहिलीची अपेक्षा करत होतो. आणि झालं काय, तर जवळीक आली ती रोडगा फिरवण्यातून, म्हणजे तिथेही रोजच्यासारख्याच कामातून.

हे सगळे अभ्यास अमेरिकेतल्या, कॅनडातल्या घरांचे आहेत, हे विसरू नका. तिथलं घर म्हणजे बहुधा आई, बाप, मुलं. आपल्याकडे ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांच्यामध्ये ओसरी असते. मावशी असते, दोन-दोन आज्या असतात. भाचीला तंबूत जायचं नव्हतं तेव्हा ती एकटी पडली नाही, खोपडीत आली. माझ्या प्रबंधात या ओसरीवर एक प्रकरण असावं, असं मी गाईडना सांगितलंय. ते म्हणाले, आधी दुसरं प्रकरण संपव.

परत येताना मी ताईला एक खेळ करायला लावला. बॅक्स्टर, ब्रेथवेट आणि निकल्सन यांच्या 1999 च्या अभ्यासात लोकांना विचारलं होतं, की पहिल्या चार वर्षांत ‘आपण एक कुटुंब आहोत’ असं तुम्हाला कधी किती टक्के वाटलं, ते आलेखावर काढा. सगळ्याच रेषा सरळ वर गेल्या नाहीत. काही हळू चढल्या, काही तिथेच राहिल्या, काही उतरल्या, काही तर नुसत्या वरखाली. ताईने बिस्किटाच्या पुड्याच्या मागे काढून दिलं. निघताना सत्तर, रात्री दहा, आता? ‘चाळीस लिही,’ म्हणाली. पेपरनाऊच्या मते लवकर सावरणाऱ्या घरांनाही चारेक वर्षं लागतात. ताईचं दीडच झालंय, हे मी तिला सांगितलं. तिला त्याचा आनंद झाला की वाईट वाटलं, कळलं नाही.

गाडीत भाची मागे खिडकीशी बसली होती. लाखनी सोडल्यावर म्हणाली, पुढच्या वेळी तुमसरकडे जाऊ, आंबागडच्या बाजूला, तिथले रस्ते मला माहीत आहेत. तुमसरला तिच्या वडिलांचं घर आहे, आजी-आबा आहेत. गाडीत कोणी बोललं नाही. ताईने आरशात जिजाजींकडे पाहिलं. थोरल्याने हेडफोन काढला.

जिजाजी म्हणाले, ‘तिकडे गोवऱ्या भेटतील ना?’

‘आजीकडे पोतंभर आहेत,’ भाची म्हणाली.