न लागलेल्या नंबराची गोष्ट

म्हाडाची सोडत मी एकदाच सभागृहात बसून पाहिली, वांद्र्याच्या रंगशारदामध्ये. पाहुणे बटण दाबत, पडद्यावर अर्ज क्रमांक आणि नावं उमटत, आणि मग पाठीमागून कुठूनतरी एखादी किंकाळी. एकच. बाकी सभागृह गप्प. माझ्या शेजारी एक गृहस्थ होते, पन्नाशीचे. अर्जाची पावती प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत. आपल्या योजनेचा संकेत क्रमांक त्यांना बायकोच्या वाढदिवसापेक्षा पक्का पाठ असावा. त्यांची यादी आली, सरकली, संपली. "नाही लागला," ते म्हणाले, पिशवीला गाठ मारली आणि उठून वडापाव खायला गेले.

त्या दिवशी मला किंकाळी लक्षात राहिली. ‘नाही लागला’ची किंमत फार उशिरा कळली. माणसाला घर मिळालं की त्याचं नेमकं काय होतं, या प्रश्नाची जगातली काही सर्वांत भरवशाची उत्तरं अशा न लागलेल्या नंबरांतून आलेली आहेत.

पण आधी रांगेबद्दल. सरकारी घरं कधीच पुरत नाहीत. मग ती कोणाला द्यायची? वशिल्याचा मार्ग आपल्याला जन्मतः ठाऊक असतो. दुसरा मार्ग म्हणजे साधी रांग, जो आधी आला तो आधी. ही पद्धत स्वीडननं जवळजवळ पूजेसारखी पाळली आहे. स्टॉकहोममध्ये वयाची १८ वर्षं पूर्ण झाली की नाव नोंदवता येतं, वर्षाला थोडी फी भरायची, आणि रांगेत काढलेला प्रत्येक दिवस म्हणजे एक गुण. घर रिकामं झालं की इच्छुकांपैकी ज्याचे दिवस जास्त, त्याचा पहिला हक्क. त्या रांगेत आज आठ लाखांहून जास्त नावं आहेत. पोरगं १८चं झालं की आईबाप त्याला शुभेच्छांबरोबर रांगेची आठवण करून देत असतील तर नवल नाही.

रांग न्याय्य वाटते, पण ती ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांना पावते. काल गावाहून आलेली, नवऱ्यानं टाकलेली बाई आणि दहा वर्षांपूर्वी सहज नाव टाकून ठेवलेला बँक कारकून यांत रांगेला फरक दिसत नाही, किंबहुना कारकूनच पुढे असतो. आणि रांग प्रत्यक्ष रस्त्यावर लागली तर काय होतं, ते ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेतल्या अटलांटाजवळच्या ईस्ट पॉइंट गावानं दाखवलं. भाड्याच्या मदतीसाठीचे अर्ज वाटायचे होते. सुमारे ३०,००० माणसं उन्हात लोटली, चेंगराचेंगरी झाली, ६२ जण जखमी झाले. अर्ज घराचे नव्हतेच. ते होते घराच्या प्रतीक्षायादीत नाव घालण्याचे. रांगेत उभं राहण्यासाठी रांग!

अमेरिकेची ही भाडेमदत मोठी विचित्र चीज आहे. १९७४ च्या कायद्यापासून ती ‘सेक्शन एट’ म्हणून ओळखली जाते. मदत मिळालेल्या कुटुंबानं साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं स्वतः द्यायचं, उरलेलं एका मर्यादेपर्यंत सरकार थेट घरमालकाला देतं. कल्पना सुरेख आहे, पण तो हक्क नाही. तिथं धान्याच्या मदतीला पात्र असाल तर ती मिळतेच, भाड्याच्या मदतीसाठी मात्र संसद दरवर्षी जेवढे पैसे मंजूर करते तेवढीच कुटुंबं. पात्र असलेल्या चारांपैकी साधारण एकाच कुटुंबाला सरकारची अशी काही मदत मिळते. मिळाली तरी काम संपत नाही. मदतपत्र हाती पडलं की ते घेणारा घरमालक शोधायचा, आणि त्यासाठी नियमानं किमान ६० दिवस. अनेकांची मुदत शोधण्यातच संपते. वर्षानुवर्षं थांबायचं आणि मग धावत सुटायचं!

जून २०२४ मध्ये न्यूयॉर्क शहरानं भाडेमदतीची प्रतीक्षायादी जवळजवळ १५ वर्षांनी उघडली, तीही एका आठवड्यासाठी. ६ लाख ३३ हजारांच्या आसपास अर्ज आले. त्यातून २ लाख नावं संगणकानं सोडत काढून यादीत घातली. आधी आला, नंतर आला, काही फरक नाही. हा तिसरा मार्ग, आपल्या ओळखीचा: चिठ्ठ्या टाकायच्या आणि लहान पोराला एक उचलायला सांगायचं. पोरालाच का, तर त्याला कोणाशी देणंघेणं नसतं. संगणकाकडूनही आपल्याला तेवढंच हवं असतं.

आता खरी गंमत. समजा, शिवाजी पार्कात राहणाऱ्या मुलाला दहावीला ९२ टक्के मिळाले आणि कुर्ल्याच्या दहा बाय दहाच्या खोलीतल्या मुलाला ५४. हे घरामुळे झालं का? कोण जाणे. पहिल्याची आई प्राध्यापक असेल, आजोबांनी जागा घेऊन ठेवली असेल, क्लासचे पैसे असतील. चांगल्या घरातली माणसं इतर हजार बाबतींतही वेगळी असतात. घराचा परिणाम त्यांतून वेचून काढणं म्हणजे चहात विरघळलेली साखर बोटांनी उचलण्यासारखं आहे.

सोडत ती साखर वेगळी काढते. एकाच योजनेत, एकाच प्रवर्गात, एकाच उत्पन्नगटात अर्ज केलेली दोनशे कुटुंबं घ्या. सगळ्यांनी दाखले जमवले, अनामत भरली, सगळ्यांना घर हवं होतं. त्यांतली चार निवडली गेली ती केवळ आकडा लागला म्हणून. कष्टाळू म्हणून नाही, हुशार म्हणून नाही, मामा मंत्रालयात म्हणून तर नाहीच. अशा अनेक सोडती एकत्र केल्या की लागलेले आणि न लागलेले हे दोन गट सरासरीनं जुळ्या भावांसारखे असतात. दहा वर्षांनी दोघांत फरक दिसला, तर तो घराचा. औषधाची चाचणी घेताना डॉक्टर मुद्दाम चिठ्ठ्या टाकून जे करतात, ते इथं सरकारी खात्यानं भांडणं टाळण्यासाठी करून ठेवलेलं असतं. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो.

शिकागोत १९९७ मध्ये भाडेमदतीची यादी १२ वर्षांनी उघडली तेव्हा ८२,६०७ पात्र अर्ज आले आणि यादीतला क्रमांक सोडतीनं ठरला. ब्रायन जेकब आणि जेन्स लुडविग या अर्थतज्ज्ञांनी पुढे त्या कुटुंबांचा सरकारी नोंदींतून वर्षानुवर्षं मागोवा घेतला. मदत मिळालेल्यांची कमाई सुमारे १० टक्क्यांनी घटली होती. भाड्याचा भार हलका झाला, काहींनी काम कमी केलं. मुलांच्या शाळेतल्या प्रगतीवर मात्र म्हणावा असा परिणाम सापडला नाही. फुकट्यांना मदत कशाला असं म्हणणाऱ्यांना हा पुरावा गोड लागेल, पण थांबा. या कुटुंबांपैकी बहुतेक आधीच खासगी भाड्याच्या घरात होती. मदत मिळाल्यावर भाडं हलकं झालं, वस्ती फारशी बदलली नाही.

१९९४ पासून अमेरिकेतल्या पाच शहरांत तिथल्या सरकारनं याच्या उलट करून पाहिलं. अत्यंत गरीब वस्त्यांतल्या सरकारी इमारतींत राहणारी ४,६०४ कुटुंबं, आणि सोडतीनं पाडलेले तीन गट. एका गटाच्या मदतपत्रावर अट होती: गरिबी १० टक्क्यांच्या आत असलेल्या वस्तीतच घर घ्यायचं. सुरुवातीची वर्षं निराशेची गेली. मोठ्यांची कमाई जागची हलली नाही, फक्त त्यांच्या मनावरचा ताण आणि मधुमेह कमी झाला. ‘फक्त’ म्हणताना माझीच जीभ अडखळते. मग मुलं मोठी झाली. दिल्लीत जन्मलेले अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये कर भरल्याच्या नोंदी तपासल्या. अटीचं मदतपत्र वापरून वयाच्या तेराव्या वर्षाआधी ज्या मुलांनी वस्ती बदलली होती, ती पंचविशीच्या आसपास ३१ टक्के जास्त कमवत होती. तेरानंतर गेलेल्यांना फायदा नाही, झाला तर थोडा तोटाच. एक भाऊ आठ वर्षांचा आणि दुसरा पंधराचा असेल, तर एकाच घरबदलाचा एकाला प्रसाद आणि दुसऱ्याला उपास.

हे वाचून वस्ती बदला म्हणजे भलं होईल असं म्हणावंसं वाटतं. तेवढ्यात अहमदाबाद आडवं येतं.

१९८७ मध्ये तिथं ‘सेवा’ या संघटनेच्या, घरी बसून विड्या वळण्यासारखी कामं करणाऱ्या ४९७ बायकांमध्ये सोडत झाली. ११० जणींना घर लागलं, हप्तेही निम्म्या दराचे. जागा शहराच्या मध्यापासून १२ किलोमीटर लांब. चौदा वर्षांनी शेरॉन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे यांनी लागलेल्या आणि न लागलेल्या बायकांना शोधून काढलं. ३४ टक्के विजेत्या त्या घरात राहायला गेल्याच नव्हत्या. आणखी ३२ टक्के गेल्या आणि परतल्या. घरं बरी होती, भिंती पक्क्या होत्या, पण उत्पन्न वाढलं नव्हतं आणि मुलांचंही काही वेगळं झालं नव्हतं. लांब गेल्यानं तुटली होती ती माणसं. अडीनडीला हात पुढे करणारी नणंद, जावा, जातवाले, शेजारीण. आमच्याकडे चाळीतली म्हातारी टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर गेल्यावर जे पुटपुटते, ते या तिघींच्या शोधनिबंधात टक्केवारीत मांडलेलं आहे.

आणि मुंबई? इथं अर्ज करायचा म्हणजे अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, नवरा-बायकोच्या नावावर शहरात घर नसल्याचं प्रतिज्ञापत्र. २०२३ च्या मुंबईच्या सोडतीत सर्वांत खालच्या, म्हणजे वर्षाला ६ लाखांपर्यंतच्या उत्पन्नगटाला २५,००० रुपये अनामत होती. ४,०८२ घरं, अर्जदार १ लाख २० हजारांच्या घरात. पुढच्या वर्षी २,०३० घरं आणि सुमारे १ लाख १३ हजार अर्जदार, म्हणजे साधारण छपन्नात एक. गिरणी कामगारांची तऱ्हा आणखी वेगळी. १९८२ चा संप, मग गिरण्यांना टाळं, आणि त्यांच्यासाठी ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये. अनेकांच्या बाबतीत तोवर अर्जावर वारसाचं नाव आलं होतं. चिठ्ठी कितीही आंधळी असली, तरी तीस वर्षांनी काढलेल्या चिठ्ठीला मी न्याय म्हणायला तयार नाही.

याच मुंबईत तनु कुमार या संशोधक २०१२ आणि २०१४ च्या सोडतींच्या याद्या घेऊन दारोदार फिरल्या. लागलेली आणि न लागलेली मिळून ८३४ कुटुंबं. घर लागलेल्या कुटुंबांतली तरुण पिढी जास्त शिकली होती, जास्त कामाला लागली होती. पण मला हरखून टाकलं ते दुसऱ्या निष्कर्षानं. ही माणसं तक्रारी जास्त करत होती! नळाला पाणी नाही, गटार तुंबलं, दिवा बंद, म्हणून महापालिकेकडे जात होती, सभांना हजेरी लावत होती, स्थानिक राजकारणाची त्यांची माहितीही अधिक होती. घर नावावर झालं की माणूस गप्प बसेल असा आपला समज. इथं तर घर मिळालं आणि आवाज फुटला. विजेत्यांपैकी काहींनी घर भाड्यानं दिलं होतं, स्वतः जुन्याच जागी राहिले होते. त्यांनाही मालमत्तेचा उपयोग झालाच. लांबचं घर लागलं तरी माणसं तोडावी लागत नाहीत, एवढी मोकळीक त्यांना होती. अहमदाबादशी ताडून पाहताना हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

या सगळ्या अभ्यासांत नंबर न लागलेल्यांची दारंही तेवढ्याच चिकाटीनं ठोठावावी लागतात. ते अवघड असतं. ज्याला घर मिळालं तो चहा पाजून तासभर बोलतो. ज्याला मिळालं नाही, तो विचारतो, "मला कशाला विचारता? मला तर लागलंच नाही." त्याचं खरंच आहे. पण त्याच्या उत्तराशिवाय विजेत्याच्या कमाईला, मुलाच्या पदवीला, तक्रारीच्या अर्जाला तोलायला दुसरं पारडंच नाही.

तेव्हा तुम्ही कधी अर्ज केला असेल, नंबर लागला नसेल, आणि काही वर्षांनी वही घेऊन कोणी मुलगी दाराशी आली, तर तिला आत घ्या. ती चुकीच्या पत्त्यावर आलेली नाही.