रस, वाफ आणि रवा

दसऱ्याचे सीमोल्लंघन आटोपले, की पंचगंगेच्या आणि भोगावतीच्या काठच्या गावांतून गुऱ्हाळघरांची चुलवणे पेटू लागतात, आणि ज्या गुळाच्या व्यापाराची सोय लावण्याकरिता राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसविली, त्या व्यापाराचा नवा हंगाम सुरू होतो. ह्या व्यवसायाच्या भावतावांची आणि सौद्यांची चर्चा आपल्याकडे विपुल होते. परंतु द्रव, वायू आणि घन ह्या द्रव्याच्या तिन्ही अवस्था, आणि त्यांच्या मुळाशी असलेली रेणूंची अखंड गती, ही सारी रस आटविण्याच्या एकाच काहिलीच्या काठी उभे राहून काही तासांत पाहता येतात, ह्या गोष्टीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

घाण्यातून निघालेल्या रसात तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याचा असतो, आणि उरलेल्यात प्राधान्य साखरेचे. पाण्याचा रेणू अवघ्या तीन अणूंचा. साखरेचा पंचेचाळीस अणूंचा, आणि वजनाने पाण्याच्या रेणूच्या एकोणीसपट. द्रवातील रेणूंमध्ये परस्परांविषयीचे आकर्षण इतके असते, की त्यांचा समुदाय विस्कटत नाही. पण इतके नसते, की त्यांपैकी कोणी एका जागी जखडून राहावा. क्षणोक्षणी शेजार बदलीत, एकमेकांवर आदळीत ते हिंडत असतात. रॉबर्ट ब्राऊन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातील बारीक कणांची जी निरंतर तडफड पाहिली, तिचा उलगडा आइन्स्टाइनने १९०५ साली केला: ते कण स्वतः हलत नसून पाण्याच्या अदृश्य रेणूंचे असंख्य धक्के त्यांना हलवीत असतात. उसाच्या रसातील अतिसूक्ष्म मळही ह्याच धक्क्यांमुळे सहजासहजी तळाशी बसत नाही. म्हणूनच रस तापत असता त्यात भेंडीचा चिकट रस घालतात. त्यात हे विखुरलेले कण गुरफटतात, त्यांचे पुंजके बनतात आणि ते मळीच्या रूपाने वर येतात, म्हणजे त्यांना काढून टाकता येते.

आच वाढविणे म्हणजे रेणूंची गती वाढविणे. उष्णता ही ह्या गतीहून निराळी अशी कोणतीही वस्तू नव्हे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असलेल्या कोल्हापुरात शुद्ध पाणी शंभराऐवजी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळते, कारण येथे हवेचा दाब किंचित कमी असून वाफेला बाहेर पडण्यास तेवढा अडथळा कमी होतो. रस उकळू लागल्यावर मात्र एक विलक्षण प्रकार घडतो. चुलवणात चिपाडांमागून चिपाडे पडत असतात, जाळ धडधडत असतो, आणि तरीही तापमान बराच वेळ जवळजवळ जागच्या जागी राहते. मग ही एवढी उष्णता जाते कोठे? ती रेणूंमधील आकर्षणाचे बंध तोडण्यात खर्ची पडते. एक ग्रॅम पाणी तीस अंशांपासून उकळीपर्यंत आणण्यास सुमारे अडुसष्ट कॅलरी पुरतात. त्याच उकळत्या पाण्याची संपूर्ण वाफ करण्यास जवळजवळ पाचशे चाळीस, म्हणजे आठपट, लागतात. गुऱ्हाळाला जळण एवढे का लागते, त्याचा सारा जमाखर्च ह्या एका आकड्यात आहे.

बंधमुक्त झालेला पाण्याचा रेणू सेकंदाला सहाशे मीटरांहून अधिक सरासरी वेगाने धावू लागतो आणि द्रवावस्थेतील जागेच्या सुमारे सोळाशेपट जागा व्यापतो. परंतु ह्या वेगाने तो शिवारापलीकडे क्षणात पोहोचत नाही. हवेच्या रेणूंशी त्याच्या सेकंदाला अब्जावधी टकरा होतात, आणि प्रत्येक टकरीनिशी त्याची दिशा बदलते. गुऱ्हाळाचा तो गोड, खमंग दरवळ गावभर पोहोचतो, तो मुख्यतः वाऱ्याच्या साह्याने.

पाणी असे निघून जात असता साखरेचे जड रेणू मात्र काहिलीतच राहतात. त्यांची गर्दी वाढते, पाण्याच्या उरलेल्या रेणूंना सुटून जाणे अधिकाधिक कठीण होते, आणि उकळीचे तापमान चढू लागते. एकशेपाच अंशांच्या सुमारास उतरविल्यास काकवी मिळते. गुळाकरिता एकशेअठरापर्यंत जावे लागते. ह्या शेवटच्या टप्प्यात थोडा विलंब झाला तर पाक करपतो, थोडी घाई झाली तर रवा, म्हणजे गुळाची ढेप, बसत नाही. तो नेमका क्षण गुळव्या ओळखतो. पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडून त्याची गोळी बोटांनी दाबून पाहताना तो वस्तुतः रेणूंच्या हालचालीस किती अवकाश उरला आहे, ह्याचेच मापन करीत असतो.

निवविण्याच्या वाफ्यात ओतून घोटला जात असता पाक थंड होतो, रेणूंची गती मंदावते, आणि साखरेचे रेणू नियमबद्ध रांगांत बसून स्फटिक बनू लागतात. रसात आम्लता अधिक असेल तर साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात, आणि ते ह्या रचनेत अडथळा आणतात. चुन्याची निवळी घालण्याचे प्रयोजन ह्या आम्लतेला आवर घालणे हेच. घट्ट झालेल्या रव्यातही रेणू निश्चल नसतात. स्वतःच्या जागी ते कंप पावतच राहतात, आणि शून्याखाली दोनशे त्र्याहत्तर अंशांच्या निरपेक्ष शून्यालाही हा कंप सर्वस्वी थांबत नाही. पावसाळ्यात हवेतील बाष्पाचे रेणू गुळाच्या पृष्ठभागावर धरले जातात आणि रवा पाझरू लागतो: घनाने द्रवाकडे परतण्याचा हा प्रयत्नच होय.

घन, द्रव आणि वायू ह्या तीन निराळ्या जाती नाहीत. आकर्षण आणि गती ह्यांच्या झगड्यात कोणाचा अंमल किती, एवढाच त्यांच्यातील भेद. हे तत्त्व आपली मुले पाठ्यपुस्तकातील ठिपक्यांच्या तीन चौकटी पाहून पाठ करतात, आणि त्यांच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर तेच तत्त्व हंगामभर प्रत्यक्ष घडत असते. करवीर तालुक्यातील प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा तरी आपला वर्ग उष्णतामापक घेऊन गुऱ्हाळावर न्यावा, दर दहा मिनिटांनी रसाचे तापमान नोंदवून त्याचा आलेख काढावा, आणि तो आलेख कोठे आडवा राहतो व कोठे चढतो, ह्याचे कारण मुलांनी गुळव्याच्या समक्ष मांडावे. त्या दिवशी मुलांना पदार्थविज्ञान कळेल, आणि गुळव्याच्या विद्येला तिचे शास्त्रातील रास्त स्थान मिळेल.