७६८ आकड्यांचा तक्ता

पनवेल तालुक्यातलं विचुंबे हे ‘नैना’च्या, म्हणजे नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्राच्या, पहिल्या अंतरिम विकास आराखड्यातल्या २३ गावांपैकी एक. हा आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. असा नकाशा भिंतीवर लागला की जमीनमालक आधी रंग बघतो, नियमावली मागाहून. नगररचनेच्या प्रचलित पद्धतीत निवासी विभाग पिवळा, वाणिज्य निळा, औद्योगिक जांभळा, सार्वजनिक वापराचा लाल.

संगणकात मात्र अशा नकाशाच्या ठिपक्यात बहुधा रंग नसतोच. तिथे नुसता एक क्रमांक असतो, समजा ७. सात म्हणजे पिवळा, हे वेगळ्या तक्त्यात लिहिलेलं असतं. या तक्त्याला तंत्रज्ञ ‘लुक-अप टेबल’ किंवा ‘पॅलेट’ म्हणतात. तो तक्ता एकेकाळी थेट डिस्प्लेच्या हार्डवेअरमध्ये बसवलेला असे.

कारण साधं होतं: मेमरी महाग होती. आयबीएमने १९८७ मध्ये व्हीजीए हे डिस्प्ले मानक आणलं. त्यात ३२०×२०० ठिपक्यांच्या चित्राला ठिपक्यामागे एक बाइट, म्हणजे ६४,००० बाइट लागत. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तिन्ही आकडे साठवले असते तर तिप्पट लागले असते. त्याऐवजी २५६ ओळींचा, ७६८ आकड्यांचा एकच तक्ता ठेवला आणि २,६२,१४४ रंगछटांमधून हवे ते २५६ निवडायची मुभा दिली. मला यातली काटकसर अजूनही देखणी वाटते.

तक्ता भरायची रीतही तशीच आटोपशीर. ३सी८ या पोर्टवर ओळीचा क्रमांक लिहायचा, मग ३सी९ वर ओळीने लाल, हिरवा, निळा. तिसरा आकडा पडला की क्रमांक आपोआप पुढे सरकतो. खोच अशी, की प्रत्येक आकडा सहा बिटांचाच, ० ते ६३. ० ते २५५ च्या हिशेबातली किंमत तशीच टाकली तर वरची दोन बिटं गळतात आणि ६४ चा शून्य होतो. मऊ चढत जाणारी छटा मध्येच काळी पडून पुन्हा चढू लागते. शिवाय पडदा रंगत असतानाच तक्त्यात हात घातला, तर बऱ्याच कार्डांवर पांढरे ठिपके भुरभुरत. म्हणून पडदा रंगवणारा किरण खालून वर परतू लागेपर्यंत थांबायचं, तेवढ्या फटीत लिहून घ्यायचं.

करड्या छटांसाठी तिन्ही आकडे सारखे ठेवायचे. रंगीत तक्ता करडा करताना व्हीजीएचं बायॉस, म्हणजे कार्डातलं अंगभूत सॉफ्टवेअर, लालचे ३०, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ टक्के धरून बेरीज करी, कारण डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ दिसतो. आता २५५ च्या मापात मांडून बघा: १७५ चा गडद लाल आणि लाल-निळा १२८-१२८ चा जांभळा, दोन्हींची बेरीज साधारण ५२.५. म्हणजे करड्यात शाळेचं आरक्षण आणि कारखान्याची जागा एकाच छटेची. नकाशातले क्रमांक जसेच्या तसे असतात. तक्त्याने फरक पुसलेला असतो.

नकाशात हे चालून जाईल, सीटी स्कॅनमध्ये नाही. विचुंब्याच्याच तालुक्यात, खारघरला, टाटा स्मारक केंद्राचं ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोग केंद्र आहे. अशा ठिकाणच्या सीटीत पाणी शून्य, हवा उणे १००० अशी हाउन्सफील्ड मोजपट्टी असते आणि ठिपक्याला साधारण ४,०९६ किमतींची जागा. साध्या पडद्यावर करड्या छटा २५६. मग निवड करावीच लागते. मेंदू बघताना ० ते ८० एवढीच पट्टी सगळ्या छटांवर ताणतात. त्या तक्त्यात फुफ्फुस निव्वळ काळं. फुफ्फुसासाठी उणे १३५० ते १५० असा दुसरा तक्ता. रुग्ण तोच, स्कॅन तोच. हे काम आता बहुतेक सॉफ्टवेअर करतं, पण हिशेब बदललेला नाही.

त्यानंतर आणखी एक तक्ता येतो, पडद्याचा स्वतःचा. वैद्यकीय प्रतिमांच्या डायकॉम मानकाच्या चौदाव्या भागात बार्टेन यांच्या दृष्टिप्रतिमानावरून डोळ्याला जेमतेम कळणाऱ्या उजेडाच्या १,०२३ पायऱ्या आखल्या आहेत. पडद्यावर प्रकाशमापक लावून एकेक छटा मोजतात आणि पायऱ्या डोळ्याला सारख्या वाटतील असे आकडे तक्त्यात भरतात. मागचा दिवा वापराने मंदावतो, त्यामुळे हे मोजमाप ठरावीक काळाने पुन्हा करावं लागतं.