विश्लेषण : जुने गोवे ओस पडले, मग पोर्तुगालचे एव्होरा वसलेले कसे राहिले?

युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८६ मध्ये दाखल झालेल्या नावांपैकी दोन एकमेकांची नातेवाईक आहेत. एक म्हणजे गोव्यातील चर्च आणि कॉन्व्हेंट, अर्थात आपले जुने गोवे. दुसरे पोर्तुगालमधील एव्होरा शहराचा ऐतिहासिक भाग. दोन्हीकडे ‘से’ कॅथेड्रल आहे, दोन्हीकडे जेझुइटांच्या भव्य इमारती आहेत आणि दोन्हीकडे इन्क्विझिशनचा काळा इतिहास आहे. फरक एवढाच, की जुन्या गोव्यात चर्च उरली आणि त्यांच्याभोवतीचे राजधानीचे शहर नाहीसे झाले. एव्होरात मात्र कॅथेड्रलच्या सावलीत आजही भाजीवाले, विद्यार्थी, महापालिकेचे कारकून यांची ये-जा असते. आता हे शहर २०२७ साठी ‘युरोपची सांस्कृतिक राजधानी’ म्हणून निवडले गेले आहे आणि तिथेही एक अवघड प्रश्न उभा आहे. त्याविषयी…

एव्होरा नेमके कुठे आहे?

लिस्बनच्या पूर्वेला साधारण १३० किलोमीटरवर, आलेंतेजो नावाच्या प्रांतात. समुद्र नाही, मोठी नदी नाही. उन्हाने करपलेली मैदाने, ऑलिव्हच्या बागा आणि बुचाची झाडे. बाटलीला लावायचे बूच ज्या सालीपासून बनते ती साल देणारे हे ओकचे झाड. ती एकदा काढली की पुन्हा काढायला नऊ वर्षे थांबावे लागते. जगातील जवळपास निम्मे बूच एकटा पोर्तुगाल पिकवतो आणि त्यात आलेंतेजोचा वाटा मोठा आहे. हा गव्हाचाही प्रदेश. शिळ्या पावाचे तुकडे, लसूण, कोथिंबीर, ऑलिव्ह तेल आणि गरम पाणी घालून केलेली ‘असोर्दा’ हे इथल्या गरिबांचे जेवण. आपल्या भाषेतला ‘पाव’ पोर्तुगीजांकडूनच आलेला असल्याने ही ओळख तशी जवळची.

एव्होरा महापालिकेच्या हद्दीत सुमारे ५३ हजार लोक राहतात. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे शहर. तरीही पंधराव्या-सोळाव्या शतकात पोर्तुगालचे राजे वर्षातले कित्येक महिने दरबारासह इथे मुक्कामाला असत. १७५५ च्या भूकंपात लिस्बनचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. त्यामुळे वास्को द गामाच्या काळातले पोर्तुगीज शहर कसे दिसत असेल हे पाहायचे तर लिस्बनपेक्षा एव्होरा अधिक उपयोगी पडते. पांढऱ्या भिंती, खिडक्या-दारांभोवती पिवळा पट्टा, चर्चच्या आत निळ्या-पांढऱ्या ‘आझुलेजो’ फरशा. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये फिरलेल्या माणसाला यातले बरेच काही ओळखीचे वाटेल.

रोमन मंदिरात मांसाचा बाजार?

शहराच्या सर्वात उंच जागी रोमन मंदिराचे १४ स्तंभ उभे आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातले. खांब ग्रॅनाइटचे, त्यांचे नक्षीदार माथे संगमरवराचे. लोक याला ‘डायना देवीचे मंदिर’ म्हणतात, पण हे नाव सतराव्या शतकात चिकटले. ते बहुधा रोमन सम्राटाच्या पूजेसाठी बांधले असावे, असे अभ्यासक मानतात.

हे स्तंभ टिकले कसे, हा भाग जास्त रंजक आहे. मध्ययुगात खांबांमधल्या मोकळ्या जागा दगडांनी बुजवून त्याची एक बंदिस्त इमारत केली गेली आणि तिथे मांसविक्री सुरू झाली. हा बाजार १८३६ पर्यंत चालला. भरावाच्या भिंती पाडून स्तंभ मोकळे केले गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मंदिर ‘निरुपयोगी’ झाले असते तर त्याचे दगड कधीच कुणाच्या तरी घराच्या पायात गेले असते. ते खाटकांच्या कामाचे होते म्हणून वाचले!

‘से’ म्हणजे काय?

‘से’ हा शब्द लॅटिनमधील ‘आसन’ या अर्थाच्या शब्दावरून आला. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते कॅथेड्रल. त्यामुळे आकाराने कितीही मोठे असले तरी प्रत्येक चर्च कॅथेड्रल नसते. जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिका अधिक प्रसिद्ध आहे, पण ती कॅथेड्रल नाही. ‘से’ तिच्या समोर, रस्त्यापलीकडे आहे.

एव्होरा ११६५ मध्ये मूर मुस्लीम सत्तेकडून ख्रिश्चनांच्या ताब्यात आले. ते घेणारा जिराल्दो हा ‘निर्भय’ म्हणून ओळखला जाणारा, निम्मा सरदार आणि निम्मा लुटारू असा माणूस होता. शहराच्या मानचिन्हावर तो घोड्यावर बसलेला आहे आणि सोबत दोन कापलेली मुंडकी आहेत. मुख्य चौकालाही त्याचेच नाव आहे. त्यानंतर वीसेक वर्षांनी कॅथेड्रलचे काम सुरू झाले. आजची वास्तू प्रामुख्याने तेराव्या-चौदाव्या शतकातली असून पोर्तुगालच्या मध्ययुगीन कॅथेड्रलांमध्ये ती सर्वात मोठी आहे. बाहेरून ती किल्ल्यासारखी दिसते आणि तिचे दोन मनोरे एकमेकांशी जुळत नाहीत. (गोव्याच्या ‘से’चा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला तो पुन्हा बांधलाच गेला नाही.) आत गर्भवती मेरीची एक रंगीत मूर्ती आहे. मूल व्हावे म्हणून बायका तिच्यापुढे प्रार्थना करतात.

वास्को द गामाच्या जहाजांवरील झेंड्यांना १४९७ मध्ये इथेच आशीर्वाद दिला गेला, असे सांगितले जाते. १५८४ मध्ये जपानहून आलेल्या चार किशोरवयीन राजदूतांचे मात्र नीट दाखले आहेत. नागासाकीहून निघून ही मुले मकाव, कोची आणि गोवा करत दोन वर्षांहून अधिक प्रवासानंतर पोर्तुगालला पोहोचली. एव्होराच्या कॅथेड्रलमध्ये त्यांच्यापैकी दोघांनी ऑर्गन वाजवून लोकांना थक्क केले.

पाणी आले कुठून?

आता मुख्य मुद्दा. उंचावर वसलेल्या, नदी नसलेल्या शहरात दरबार येऊन राहिला की पहिली टंचाई पाण्याची. राजा तिसरा जुआंव याने फ्रान्सिस्को द आरुदा या वास्तुविशारदाला कामाला लावले. लिस्बनचा प्रसिद्ध बेलेंचा मनोरा बांधणारा तो हाच. सुमारे १८ किलोमीटर अंतरावरच्या झऱ्यांपासून शहरापर्यंत जलवाहिनी बांधली गेली आणि १५३७ मध्ये पाणी आत आले. नाव ठेवले ‘आग्वा द प्राता’, म्हणजे चांदीचे पाणी.

ज्यांनी फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर दिला आहे त्यांना यातली मेख लगेच कळेल. पंप नाही, सगळे काम गुरुत्वाकर्षणाचे. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम झिजवते, कमी झाला तर साचते. म्हणून वाट सरळ न जाता टेकड्यांच्या कडेने वळणे घेते आणि सखल भाग आला की कमानींवर चढते. शहराच्या वेशीबाहेर या कमानी २० मीटरहून उंच आहेत. तटाच्या आत जमीन चढत जाते, तशी कमानींची उंची कमी होत जाते. तिथे लोकांनी जे केले ते पाहण्यासारखे आहे. कमानीखालच्या रिकाम्या जागेत त्यांनी घरे बांधली. दोन खांब म्हणजे दोन भिंती तयारच, वर छत म्हणजे कालवा. या गल्लीचे नाव ‘रुआ दो कानो’, आपल्या भाषेत नळाची गल्ली. ती घरे आजही आहेत.

या जलवाहिनीने एक जुना ‘फेक न्यूज’चा किस्साही जन्माला घातला. आंद्रे द रेझेंद हा एव्होराचा विद्वान. नवी जलवाहिनी मुळात रोमन सेनापती सर्टोरियसने बांधलेल्या जलवाहिनीच्या जागीच उभी राहत आहे, असा त्याचा दावा होता. पुराव्यादाखल त्याने रोमन शिलालेख पुढे केले. त्यांतील काही बनावट होते, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. गंमत म्हणजे महापालिकेची इमारत ज्या चौकात आहे त्याला आजही सर्टोरियसचे नाव आहे आणि १९८७ मध्ये त्याच इमारतीत खरोखरीचे रोमन स्नानगृह सापडले.

जुन्या गोव्याचे उलट झाले. विहिरींचे पाणी दूषित होत गेले, मलेरिया आणि पटकीच्या साथी येत राहिल्या, व्यापारही डचांनी ओढला. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने पणजीला मुक्काम हलवला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. पाणी हे एकमेव कारण नव्हते. पण ज्या शहरात पाणी प्यायची भीती वाटते तिथे लोक टिकत नाहीत.

गोव्याशी संबंध केवळ दिसण्यापुरता आहे का?

नाही, आणि हा भाग सोयीचा नाही. पोर्तुगालमधील इन्क्विझिशनची सुरुवात १५३६ मध्ये एव्होरातच झाली, कारण दरबार तेव्हा इथे होता. राजाचा भाऊ कार्डिनल हेन्रिक हा १५४० पासून एव्होराचा पहिला आर्चबिशप आणि त्याच वेळी देशाचा मुख्य इन्क्विझिटर होता. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय सुरू झाले तेव्हाही ही दोन्ही पदे त्याच्याकडेच होती. ज्या माणसाने १५५९ मध्ये एव्होरात जेझुइटांचे विद्यापीठ स्थापन केले, त्याच्याच अधिकारात गोव्यातील लोकांवर खटले चालवणारी यंत्रणा उभी राहिली. एव्होरात तिचा रोख मुख्यतः धर्मांतरित ज्यूंवर होता. गोव्यात हळूहळू तो धर्म बदलूनही जुन्या चालीरीती पाळणाऱ्या स्थानिकांवर आला. शिक्षा जाहीर करण्याचे सोहळे एव्होरात जिराल्दो चौकात होत. याच चौकात १४८३ मध्ये राजाने ब्रागान्साच्या ड्यूकचाही शिरच्छेद केला होता. आज तिथे कॅफेच्या खुर्च्या असतात.

एव्होराच्या खटल्यांची हजारो कागदपत्रे लिस्बनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. गोव्यातील न्यायालय १८१२ मध्ये बंद झाल्यावर तिथली बहुतांश कागदपत्रे नष्ट करण्यात आली. म्हणजे एव्होरात कोणावर काय आरोप होता हे त्याचे वंशज शोधू शकतात, गोव्यात बहुतेकांना ते शक्य नाही. एव्होराच्या इन्क्विझिशनच्या वाड्यात, रोमन मंदिराच्या अगदी शेजारी, सध्या समकालीन कलेचे केंद्र आहे.

दुसरा धागा अलीकडचा आहे. ९ सप्टेंबर १९७३ रोजी एव्होरा जिल्ह्यातील आल्कासोव्हाश गावाजवळच्या एका शेतघरात शंभराहून अधिक तरुण लष्करी अधिकारी गुपचूप जमले. त्यातूनच पुढे एप्रिल १९७४ ची जवळपास रक्तहीन क्रांती झाली आणि हुकूमशाही कोसळली. नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ रोजी करार करून गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. १९६१ पासून अडलेला विषय असा सुटला.

हाडांचे चॅपल कशासाठी?

समाजमाध्यमांवर एव्होराची ओळख या एकाच जागेने होते. सेंट फ्रान्सिस चर्चमधील या खोलीच्या भिंती आणि खांब सुमारे पाच हजार माणसांच्या हाडा-कवट्यांनी मढवले आहेत. शहरातील दफनभूमी भरून गेल्या होत्या. फ्रान्सिस्कन साधूंनी ती हाडे उकरून, मृत्यूची आठवण राहावी म्हणून भिंतीत रचली. दारावरचा मजकूर आत येणाऱ्याला सांगतो, की आम्ही इथली हाडे तुमच्या हाडांची वाट पाहत आहोत. सेल्फीसाठी गर्दी होते, पण माझ्या मते जलवाहिनीखालची घरे पाहायला अधिक वेळ द्यावा.

मग आता अडचण काय?

विद्यापीठ १७५९ मध्ये बंद झाले, कारण पंतप्रधान पोंबालने जेझुइटांना साम्राज्यातूनच हाकलले. जुलै १८०८ मध्ये जनरल लुआझोंच्या फ्रेंच सैन्याने शहर लुटून कत्तल केली. त्याला एक हात नव्हता. एखादी गोष्ट कामातून गेली, की पोर्तुगीज माणूस आजही ती ‘थोट्याकडे गेली’ म्हणतो. त्यानंतर एव्होरा मागे पडलेले एक कृषी-केंद्र बनले. पैसा नसल्याने जुने पाडून नवे बांधण्याची घाईही झाली नाही.

क्रांतीनंतर घरांची मागणी वाढली तेव्हा शहराने तटाच्या आत टॉवर उभे केले नाहीत. पश्चिमेला, तटाबाहेर मालागेइरा ही वसाहत वास्तुविशारद आल्व्हारो सिझा यांनी १९७७ पासून उभारली. सुमारे १,२०० घरे, बुटकी, पांढरी, प्रत्येकाला अंगण. पाणी, वीज आणि टेलिफोनच्या तारा जमिनीखालून न नेता काँक्रीटच्या खांबांवर उंचावरून नेल्या, अगदी जुन्या जलवाहिनीसारख्या. दुरुस्तीला खोदकाम नको. दर पावसाळ्यानंतर रस्ते खोदणाऱ्या आपल्या शहरांना हेवा वाटावा अशी ही सोय.

पण त्याची दुसरी बाजू अशी, की जुनी वस्ती बाहेर सरकली. तटाच्या आत कायम राहणाऱ्यांची संख्या गेल्या काही दशकांत घटत जाऊन आता काही हजारांवर आली आहे. कॉन्व्हेंटांची हॉटेले झाली, रिकामी घरे पर्यटकांना दिवसांच्या हिशेबाने भाड्याने जाऊ लागली. १९७९ मध्ये पुन्हा विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्थेचे विद्यार्थी आहेत म्हणून गल्ल्यांत संध्याकाळी आवाज असतो. २०२७ साठी एव्होराने निवडलेली कल्पना आहे ‘वागार’, म्हणजे सावकाशपणा, सवडीने जगणे. गोव्याचे ‘सुशेगाद’ त्याचेच भावंड. सांस्कृतिक राजधानीच्या वर्षात येणारी गर्दी आणि हा सावकाशपणा एकत्र कसे नांदणार, यावर तिथे चर्चा सुरू आहे. वाढलेले भाडे हा स्थानिकांचा त्याहून जवळचा प्रश्न.

जायचे कसे?

लिस्बनहून रेल्वेने किंवा बसने साधारण दीड तास. तटाच्या आतले सगळे चालत होते. शहराबाहेर १५ किलोमीटरवर आल्मेंद्रेस येथे सुमारे ९५ उभ्या पाषाणांचे वर्तुळ आहे. ते रोमनांच्याही हजारो वर्षे आधीचे, इंग्लंडच्या स्टोनहेंजहून जुने. तिथे जायला टॅक्सी करावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, त्यामुळे एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरा.